संगणकावरील रुग्णपत्रिका : लिहिलेले पुन्हा सापडावे म्हणून

वैद्यबंधु-भगिनींच्या चिकित्सालयांत संगणक येऊन आता बराच काळ लोटला. आरंभी त्याचा उपयोग नामपत्र छापणे, औषधांच्या बाटल्यांवरील चिठ्ठ्या काढणे आणि वर्षअखेरीचा हिशेब एवढ्यापुरताच होता. पुढे हळूहळू रुग्णपत्रिकाही त्यावर लिहिल्या जाऊ लागल्या. आज अनेक ठिकाणी कागदी पत्रिका बंदच झाली आहे. या बदलास आमचा विरोध नाही. आम्हीही तेच करतो. परंतु एक गोष्ट नीट पाहिली पाहिजे. चाळीस वर्षांपूर्वी बोरूने किंवा शाईच्या लेखणीने लिहिलेली पत्रिका, वाळवीने सोडली असेल तर, आजही वाचता येते. २००३-०४ साली संगणकावर लिहिलेली पत्रिका मात्र पुष्कळदा उघडते, दिसते, आणि वाचता येत नाही. असे का होते आणि त्यावर उपाय काय, हा या लेखाचा विषय होय.

हा प्रश्न केवळ सोयीचा नाही. रसकल्पांचा प्रयोग केलेला एखादा रुग्ण सात-आठ वर्षांनी वृक्कविकाराची तक्रार घेऊन अन्य तज्ज्ञाकडे जातो. तेथे पहिला प्रश्न येतो तो आयुर्वेदीय औषधांचा. कोणता कल्प दिला, कोणत्या निर्मात्याचा, कोणत्या मात्रेत, कोणत्या अनुपानासह आणि किती दिवस, याचे उत्तर पत्रिकेतून दोन मिनिटांत देता आले तर रुग्णाच्या चिकित्सेस दिशा मिळते. औषधाकडे अकारण बोट दाखविले जात असेल तर तेही टळते, आणि खरोखरच औषधाचा दोष असेल तर तोही वेळीच कळतो. उत्तर देता आले नाही तर संशयास मोकळे रान मिळते. वत्सनाभ, भल्लातक, धत्तूर, विषमुष्टी, जयपाल, पारद, हिंगुळ, हरताळ ही द्रव्ये औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या ई-१ या अनुसूचीत आहेत, हे वाचकांस ठाऊकच आहे. निदान अशा द्रव्यांनी युक्त कल्पांची नोंद तरी दहा वर्षांनी वाचता यावी, ही अपेक्षा अवाजवी नाही. औषधालयाच्या मालकांपुढेही हाच प्रश्न वेगळ्या रूपाने उभा राहतो. एखाद्या निर्मात्याने अमुक बॅच परत मागविली, तर ती कोणाकोणास दिली गेली हे शोधून काढता आले पाहिजे.

अक्षर आणि आकृती

प्रथम मूळ व्याधीचा हेतू पाहू. संगणकास अक्षर कळत नाही, अंक कळतो. प्रत्येक अक्षरास एक क्रमांक नेमून दिलेला असतो. जुन्या काळी आपण जे मराठी फॉन्ट वापरीत होतो, म्हणजे कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपीचे अनेक फॉन्ट, सी-डॅकच्या आयएसएममधील फॉन्ट, त्यांत देवनागरी अक्षरांस स्वतंत्र क्रमांक नव्हतेच. रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरीच्या आकृती बसविलेल्या होत्या. फाईलमध्ये साठविले जाई ते रोमन अक्षर. तो फॉन्ट संगणकात असेपर्यंत डोळ्यांस दिसे ते मराठी. फॉन्ट गेला की मुखवटा गळून पडे आणि खालची रोमन अक्षरांची निरर्थक खिचडी उघडी पडे. शिवाय प्रत्येक उत्पादकाची बैठक निराळी. त्यामुळे शिवाजीत लिहिलेले कृतिदेवात वाचावे तर तेही शक्य नाही. त्या काळी दुसरा सोयीचा मार्ग हाताशी नव्हता, हे न्यायाने सांगितले पाहिजे. अनेक मासिके, ग्रंथ आणि शोधनिबंध याच फॉन्टांच्या बळावर निघाले.

युनिकोड या मानकाची पहिली आवृत्ती १९९१ साली आली. त्यात देवनागरीसाठी १२८ स्थाने राखून ठेवलेली आहेत. भारतीय लिप्यांची ही मांडणी आपल्याच देशातील इस्की या संकेतावरून घेतलेली आहे. युनिकोडात 'क' हा सर्व जगात 'क'च राहतो, फॉन्ट कोणताही असो. विंडोज २००० पासून मायक्रोसॉफ्टने मंगल हा देवनागरी फॉन्ट दिला. विंडोज एक्सपीमध्ये ही सोय मुद्दाम चालू करावी लागे. आता ती प्रत्येक संगणकात आणि प्रत्येक मोबाईलमध्ये अंगभूतच असते.

आपली जुनी फाईल कोणत्या प्रकारची आहे हे ओळखण्याची परीक्षा अगदी सोपी आहे. वर्डमध्ये फाईल उघडावी, एक परिच्छेद निवडावा आणि फॉन्ट बदलून निर्मला यूआय किंवा मंगल करावा. मजकूर देवनागरीच राहिला तर तो युनिकोड. रोमन अक्षरे दिसू लागली तर तो जुन्या बैठकीचा. परीक्षा झाल्यावर फाईल न साठविता बंद करावी.

मजकूर जुन्या बैठकीचा निघाला तर काय करावे? पहिले काम आजच करण्याजोगे आहे. ज्या संगणकात तो फॉन्ट अद्याप जिवंत आहे, त्याच संगणकावर प्रत्येक फाईलची पीडीएफ प्रत काढून ठेवावी. पीडीएफ करताना फॉन्टच्या आकृती सामान्यतः त्या फाईलमध्येच बांधल्या जातात, त्यामुळे ती कोठेही उघडली तरी मराठी दिसते. अशा पीडीएफमध्ये शब्द शोधता येत नाही, नक्कल केल्यास पुन्हा खिचडीच हाती येते, तरी वाचता येते हे काय थोडे झाले? तयार झालेली पीडीएफ दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिल्याशिवाय मात्र काम झाले असे मानू नये. जुना संगणक बंद पडल्यावर हे साधणे फार अवघड होते. म्हणून आम्ही हे काम पहिले सांगतो.

दुसरे काम रूपांतराचे. जुन्या फॉन्टमधून युनिकोडात आणणारे परिवर्तक उपलब्ध आहेत. ते प्रत्येक फॉन्टसाठी वेगळे असतात, यास्तव मूळ फॉन्टचे पूर्ण नाव पाहूनच परिवर्तक निवडावा. परिवर्तकाची चूक बहुधा दोन ठिकाणी होते. ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांस अक्षराच्या आधी दिसते, पण युनिकोडात ती व्यंजनानंतर लिहिली जाते. रफार डोळ्यांस अक्षराच्या डोक्यावर, शेवटी दिसतो, पण युनिकोडात तो व्यंजनाच्या आधी येतो. हा क्रम उलटा करताना परिवर्तक अडखळतो. म्हणून पित्त, चूर्ण, पुनर्नवा, अर्जुनारिष्ट, सर्पगंधा असे शब्द प्रथम तपासावेत. ते नीट उतरले असतील तर बाकीचे बहुधा नीट असते.

त्याहून जपण्याची गोष्ट आकड्यांची. एकाच ओळीत मराठी मजकूर जुन्या फॉन्टमध्ये आणि आकडा साध्या इंग्रजी फॉन्टमध्ये, असे मिश्रण आपल्या पत्रिकांत सर्रास असते. कृतिदेवात पूर्णविरामाच्या कळेवर अर्धा 'ण' बसविलेला आहे. सगळी ओळ सरसकट परिवर्तकात घातली की अडीच ग्रॅमचा दशांशबिंदू 'ण्' होऊन बसतो. हे विचित्र रूप डोळ्यांत भरते म्हणून ठीक. पण मदतनीसाने घाईने ते 'स्वच्छ' करताना २.५ चे २५ केले तर? मात्रेची प्रत्येक नोंद मूळ पीडीएफ शेजारी ठेवून वैद्याने स्वतः ताडून पाहावी. हे काम टंकलेखकावर सोपविण्यासारखे नाही. आणि मूळ फाईल, रूपांतर कितीही चांगले उतरले तरी, पुसू नये.

नव्या लिखाणासाठी विंडोजच्या सेटिंग्जमध्ये भाषा या विभागात जाऊन मराठी जोडावी. नंतर विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबले की इंग्रजीतून मराठीत व मराठीतून इंग्रजीत जाता येते. ज्यांस उच्चारानुसार टंकण्याची सवय आहे त्यांच्यासाठी २०१९ पासून विंडोजमध्ये तशी कळपाटीही आहे. आमचा कल मात्र इनस्क्रिप्टकडे आहे. ही शासनमान्य मांडणी साऱ्या भारतीय लिप्यांस समान आहे, तिच्यात डाव्या हाताकडे स्वर व मात्रा आणि उजव्या हाताकडे बहुतेक व्यंजने, अशी शास्त्रशुद्ध योजना आहे. पंधरा दिवस रोज अर्धा तास दिला तर हात बसतो. बोलून टंकण्याची सोयही मोबाईलवर आणि गुगल डॉक्सवर मराठीत आहे. साध्या वाक्यांस ती चालते, पण द्रव्यांची व कल्पांची नावे ती मनास येईल तशी लिहिते. त्या नावांसाठी तिच्यावर विसंबू नये.

एक द्रव्य, अनेक नावे

युनिकोड झाले म्हणजे सर्व झाले असे नाही. लिहिलेले सापडले पाहिजे. निघंटूंचा अभ्यास केलेल्या आपल्या वर्गास हा मुद्दा इतरांपेक्षा लवकर कळेल. 'अमृता' म्हटले की गुडूची घ्यावी की हरीतकी, हे आपण संदर्भावरून ठरवितो. संगणकाचा साधा शोध संदर्भ जाणत नाही. आरग्वध आणि बहावा त्यास दोन निराळी द्रव्ये वाटतात. इतकेच काय, कंटकारी आणि कण्टकारी, त्रिभुवनकीर्ति आणि त्रिभुवनकीर्ती, गुग्गुळ आणि गुग्गुलु हेही त्यास वेगवेगळे शब्द आहेत. सोमवारी वैद्य लिहितात, मंगळवारी सहायक लिहितो, बुधवारी परिचारिका. वर्षअखेरीस 'योगराज गुग्गुळ किती रुग्णांस दिला' असा शोध घेतला की निम्मेच रुग्ण सापडतात आणि ते निम्मेच आहेत हे कळण्याचा मार्गही नसतो.

याहून सूक्ष्म प्रकार म्हणजे दिसायला सारखे आणि आतून निराळे शब्द. 'ॲसिडिटी' यातील पहिले अक्षर हे एक स्वतंत्र अक्षर म्हणूनही लिहिता येते, आणि 'अ' वर चंद्र देऊनही लिहिता येते. युनिकोडात हे स्वतंत्र अक्षर २००८ साली आले. तत्पूर्वीचे लिखाण दुसऱ्याच रीतीने झालेले आहे. 'दुसऱ्या', 'कोऱ्या' यांतील अर्ध्या र चेही तसेच. तो टंकण्याच्या दोन रीती आहेत आणि दोन्हींचे रूप पडद्यावर एकच दिसते. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून 'र' ची कळ दाबली की 'ऱ' मिळतो. त्यापुढे हलन्त आणि 'य' दिला की काम होते. सर्वांनी हीच रीत पाळावी.

यावर आमच्या दवाखान्यात केलेली व्यवस्था साधी आहे. एका कागदावर नेहमीच्या द्रव्यांची, कल्पांची आणि व्याधींची एकेक ठरलेली नावे छापून तो कागद संगणकाशेजारी भिंतीस लावला आहे. त्यात नसलेले नाव लिहायचे झाल्यास आधी यादीत भर, मग पत्रिकेत नोंद. एक्सेलमध्ये नोंद करणाऱ्यांस डेटा व्हॅलिडेशन या सोयीने हीच यादी रकान्यात बसविता येते. मग टंकण्याऐवजी यादीतून निवडावयाचे एवढेच उरते. चरकाचार्यांनी विमानस्थानात सांगितलेल्या दशविध परीक्षेचे प्रकृति, सार, सत्त्व, सात्म्य इत्यादी रकानेही याच पद्धतीने करावेत, म्हणजे 'पि-वा', 'वातपित्त', 'पित्तप्रधान वात' अशी शब्दांची जत्रा होत नाही.

व्याधिनामांच्या बाबतीत आता अखिल देशासाठी संकेतही उपलब्ध आहेत. आयुष मंत्रालयाने २०१७ साली नमस्ते या नावाने आयुर्वेद, सिद्ध व युनानी व्याधींची प्रमाण संज्ञासूची प्रसिद्ध केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याधिवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीतील पारंपरिक चिकित्सेचा दुसरा विभाग १० जानेवारी २०२४ रोजी दिल्लीत सादर झाला, त्यातही या संज्ञांस स्थान मिळाले. खेड्यातील एकट्या वैद्याने प्रत्येक पत्रिकेवर संकेत लिहिलाच पाहिजे असा आमचा आग्रह नाही. परंतु आपल्या रुग्णांवरून पुढे काही लिहावे, मांडावे अशी ज्यांची इच्छा आहे त्यांनी व्याधिनामाशेजारी एक रकाना त्यासाठी आजच राखून ठेवावा.

औषधालयाच्या नोंदवहीस लागणारी दृष्ट

एक्सेल हे औषधालयांचे आवडते साधन आहे, आणि त्याचा एक स्वभाव मालकांनी जाणून घेतला पाहिजे. ते न विचारता आकड्याचा अर्थ लावते. बॅच क्रमांक १२-४ असा लिहिला की ते त्यास १२ एप्रिल ही तारीख समजते. ००४५ लिहिला की आधीची शून्ये खाऊन ४५ ठेवते. आभा ओळखक्रमांक चौदा अंकी असतो. तो सलग लिहिला तर आकडा आखडून घेऊन घातांकाच्या रूपात दाखविते. ही खोड इतकी जुनी आहे की मानवी जनुकांची नावे ठरविणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने २०२० साली एक्सेल ज्यांस तारीख समजत होते अशा काही जनुकांची नावेच बदलून टाकली! आपणास बॅच क्रमांक बदलता येणार नाहीत. म्हणून बॅच, ओळखक्रमांक व देयक क्रमांक यांचे रकाने लिहिण्यास आरंभ करण्यापूर्वीच निवडून त्यांचा प्रकार टेक्स्ट असा करावा. आधी लिहून नंतर प्रकार बदलला तर गेलेली शून्ये परत येत नाहीत.

फाईलच्या नावात तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहावी, म्हणजे २०२५-०७-१४ अशी; फाईली आपोआप कालक्रमाने लागतात. 'नवीन', 'अंतिम', 'अंतिम-२' ही नावे कोणाच्याच कामाची नाहीत.

प्रती किती आणि कोठे

एक प्रत म्हणजे प्रत नसल्यासारखेच. संगणकातील मूळ, बाहेरच्या हार्ड डिस्कवरील एक आणि चिकित्सालयाच्या इमारतीबाहेर एक, अशा तीन प्रती असाव्यात. पेन ड्राईव्ह ने-आण करण्यास ठीक, दीर्घकाळ साठविण्यास नव्हे.

बाहेरची हार्ड डिस्क संगणकास कायम जोडून ठेवणे ही पुष्कळांची सवय आहे. ती सोडावी. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर विषाणू जगभर पसरला. तो फाईली कुलूपबंद करून पैसे मागत असे आणि जोडलेल्या डिस्कवरील फाईलीही सोडत नसे. इंग्लंडमधील सरकारी रुग्णालयांचे कामकाज त्याने विस्कळीत केले. त्यावरचा उतारा मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच, मार्चमध्ये, अपडेटच्या रूपाने दिला होता. ज्यांनी तो घेतला होता त्यांचे संगणक वाचले. आपल्या देशात नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्ससारख्या संस्थेवर असाच हल्ला झाला आणि तेथील कामकाज काही काळ हाताने चालवावे लागले. सांगावयाचे ते इतकेच की प्रत काढून झाली की डिस्क काढून कपाटात ठेवावी, आणि अपडेट टाळू नये. विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आहेत. विंडोज ७ वर चालणारे संगणक आजही काही औषधालयांत दिसतात. त्यांचे अपडेट तर जानेवारी २०२० मध्येच थांबले. अशा संगणकावर केवळ देयके छापावयाची असतील तर निदान तो इंटरनेटपासून तोडून ठेवावा.

गुगल ड्राईव्हसारख्या ठिकाणी ठेवलेली प्रत इमारतीबाहेरची प्रत म्हणून चालते. तेथे १५ जीबी जागा मोफत मिळते, पण ती जीमेल आणि छायाचित्रे यांसह मिळून आहे हे ध्यानात घ्यावे. आणखी एक. संगणकावरील फोल्डर ड्राईव्हशी जुळवून ठेवला असेल तर येथे पुसलेली फाईल तेथूनही पुसली जाते आणि तेथील कचरापेटीतून ३० दिवसांनी कायमची जाते. म्हणून महिन्यातून एकदा सर्व पत्रिकांची एक वेगळी, तारीख घातलेली प्रत तेथे चढवावी. त्या खात्यास दुहेरी पडताळणी लावलीच पाहिजे. या प्रतींचा काही उपयोग आहे की नाही हे मात्र त्या उघडून पाहिल्यावरच कळते. या त्रैमासिकाचा अंक हाती पडला की त्या दिवशी एक जुनी पत्रिका प्रतीमधून काढून दुसऱ्या संगणकावर उघडावी, असा नेम आम्ही ठेवला आहे. ज्यांना रुचेल त्यांनी घ्यावा.

रुग्णाची ठेव

पत्रिकेतील मजकूर रुग्णाने विश्वासाने सांगितलेला असतो. वंध्यत्व, मानसविकार, व्यसन यांच्या नोंदी आपल्याजवळ ठेवीसारख्या आहेत. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमाचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. पण कायदा नसता तरी हे कर्तव्य होतेच. बाहेर नेली जाणारी डिस्क परवलीने बंद असावी. विंडोजच्या प्रो आवृत्तीत बिटलॉकर ही सोय त्यासाठीच आहे. मात्र तिची पुनर्प्राप्ती-किल्ली कागदावर लिहून घरच्या कपाटात ठेवावी. परवली विसरली आणि किल्लीही हरवली तर आपल्याच पत्रिका आपणास परक्या होतात. वैद्याच्या पश्चात किंवा आजारपणात ही किल्ली कोणाच्या हाती जावी, हेही घरात एकास सांगून ठेवावे.

व्हॉट्सअॅपवर रुग्ण त्वचेची, जिभेची, अहवालांची छायाचित्रे पाठवितात. ती आपोआप मोबाईलच्या छायाचित्रसंग्रहात शिरतात आणि घरातील मुले लग्नाचे फोटो पाहताना तीही पाहतात. व्हॉट्सअॅपच्या सेटिंग्जमध्ये चॅट्स या विभागात मीडिया व्हिजिबिलिटी बंद केली की त्यानंतर आलेली चित्रे तेथे जात नाहीत. औषधालयाच्या संगणकावर व्हॉट्सअॅप उघडे ठेवण्याची पद्धत असेल तर मोबाईलमधील जोडलेल्या उपकरणांची यादी अधूनमधून पाहावी. नोकरी सोडून गेलेल्या मुलाच्या संगणकावर आपल्या रुग्णांचे संदेश पोहोचत राहू नयेत.

शेवटी जुना संगणक. तो भंगारात किंवा अदलाबदलीत देताना फाईली पुसून कचरापेटी रिकामी केली म्हणजे मजकूर गेला, असा समज आहे. तसे नाही, पुसलेल्या फाईली परत मिळविणारी साधने कोणासही सहज उपलब्ध आहेत. विंडोजच्या रिसेट या सोयीत सर्व काही काढून टाकण्याबरोबर डिस्क स्वच्छ करण्याचा पर्याय असतो, तो निवडावा. त्यास काही तास लागतात, ते लागू द्यावेत. संगणक चालूच होत नसेल तर कारागिराकडून हार्ड डिस्क काढून घ्यावी आणि ती न देताच बाकीचा सांगाडा द्यावा. डिस्कविना भंगारवाला पन्नास-शंभर रुपये कमी देईल, ते सोडावेत.